सौंसरले बारा आधी वाजतात

शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

आज आम्ही सूर्याला शाळेच्या भिंतीवर पकडलं, आणि लेकाचा पळाला!

सांगते. आरशावर काळा कागद चिकटवला, कागदाला मधोमध चौकोनी छिद्र पाडलं आणि आरसा मैदानाच्या पार टोकाला विटांवर ठेवला. समोरच्या भिंतीवर ताटाएवढा उजेड पडला. छिद्र चौकोनी, उजेड मात्र गोल! मग मी सांगितलं की हा छिद्राचा आकार नाही, हे सूर्याचं चित्र आहे. अमितानं खडूनं त्याच्याभोवती रेघ मारली. अमिता नववीतली, आवाज असा की पांढुर्ण्याच्या स्टेशनावर भोंग्याची गरज नाही. रेघ पुरी होते न होते तोच ती ओरडली, "मॅडम, हा तर सरकून राहिला!"

दोनेक मिनिटांत सूर्य रेघेच्या बाहेर. मी म्हटलं, "तो नाही सरकत. आपण सरकतो. पृथ्वी फिरून राहिली आपल्याले घेऊन." तर सगळ्यांनी भिंत घट्ट धरली. खरंच! वीसबावीस पोट्टे भिंतीला चिकटून किंचाळत होते, "पडलो रे, पडलो!" मीसुद्धा धरली. मी गणिताची शिक्षिका आहे, वय एकोणतीस, आणि मला खरंच गरगरलं.

गोंगाट ऐकून प्रेमलता मॅडम आल्या. आमच्या प्राचार्य. आधी भिंतीवरच्या खडूकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "रूपाली, बिनदप्तराचा शनिवार म्हणून तुले दिला. पण जानेवारीपासून दहावीले शनिवारी प्रश्नोत्तरं घोकायले बसवा लागते. रिझल्टचं पाहावं लागते न बाई."

माझा शनिवार! अतिथी शिक्षक म्हणजे कच्ची नोकरी, तिचं सहावं वर्ष, बाकीचे पाच दिवस फळ्यावर बेरजा. माझं म्हणावं असं या शाळेत शनिवारशिवाय काही नाही. डोकंच फिरलं. तोंडातून निघून गेलं, "मॅडम, डिसेंबरात आम्ही पृथ्वी मोजून दाखवतो. बरोबर निघाली तर शनिवार ठेवा."

मॅडम म्हणाल्या, "पृथ्वी?" मी म्हटलं, "हौ." मॅडम म्हणाल्या, "चुकली तर?" मी म्हटलं, "तर घोका."

बोलून तर बसली. आता मोज बाई.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

पृथ्वी मोजणं सोपं आहे. एकाच्या वर एक, म्हणजे दक्षिण-उत्तर, अशी दोन गावं पाहिजेत. दोन्हीकडं सारख्या उंचीची काठी उभी करायची आणि भर दुपारी सावली मोजायची. पृथ्वी गोल आहे म्हणून उत्तरेकडच्या गावात सावली जरा लांब पडते. तेवढ्या फरकावरून अख्ख्या गोळ्याचा घेर काढता येतो.

गावंही तयार आहेत. खालचं पांढुर्णा, वरचं सौंसर. वर्गातल्या जिल्ह्याच्या नकाशात सौंसर आमच्या थेट डोक्यावर आहे. मोबाईलवर किलोमीटर पाहून घेतले. झालं काम.

अडचण एवढीच की सौंसरच्या शाळेत मी ओळखते तो एकच माणूस, स्वप्निल. विज्ञान शिकवतो. उन्हाळ्यातल्या ट्रेनिंगमध्ये भेटला होता. चंद्राच्या कलांवरून माझ्याशी दोन दिवस भांडला आणि शेवटी माझंच बरोबर निघालं तर म्हणतो, "मले माहीत होतं, तुम्ही भांडता कशा ते पाहत होतो." असा माणूस. पण काठी सरळ उभी करू शकेल एवढी अक्कल आहे.

फोन केला. पहिल्याच घंटीला उचलला. "जमते न. पण आमच्या मोठ्या सरांले कळू देऊ नका." मोठे सर म्हणजे मोरेश्वर सर, तिथले मुख्याध्यापक. दोन वर्षांआधी नवीन जिल्हा झाला आणि कचेरी सौंसरला न होता पांढुर्ण्याला झाली, तेव्हापासून त्यांना पांढुर्ण्याचं नाव काढलेलं चालत नाही म्हणे. पांढुर्ण्याची पत्रं मेजावर पालथी ठेवतात.

ठरलं. स्वप्निल शाळेमागं गुपचूप काठी लावणार.


रविवार, २३ नोव्हेंबर

स्वप्निल पांढुर्ण्याला आला. का, तर दोन्ही काठ्या एकाच सुताराकडच्या पाहिजेत! मी म्हटलं, एक मीटर म्हणजे एक मीटर, सौंसरचा मीटर का वेगळा असते? पण बसनं आलाच होता.

काठ्या पंधरा मिनिटांत झाल्या. तो संध्याकाळपर्यंत बसला. बाबासोबत संत्री सोलत नगरपालिकेच्या पाण्याच्या टाकीवर बोलत राहिला. (बाबा तिथंच पाणीपुरवठ्यात आहे, त्याला टाकीवर बोलणारा माणूस सापडला की तो सोडत नाही.) आईनं पाटोड्याची भाजी केली. आईलाही शिक्षणाची एकदम गोडी लागली आहे. त्याला विचारत होती, "घरी कोण कोण असते? बहिणीचं झालं काय? नोकरी पक्की आहे न?" मी म्हटलं, आई, हा पृथ्वी मोजायला आला आहे, जनगणना कायले करून राहिली!

काठी मात्र आमच्याच घरी विसरून गेला. आता पुढच्या रविवारी पुन्हा येतो म्हणतो. धांदरट! मीच कंडक्टरजवळ देऊन पाठवते.


शनिवार, २९ नोव्हेंबर

आज रंगीत तालीम. भर दुपारी आम्ही इकडं सावली मोजली, त्यानं तिकडं. त्यानं फाटकाबाहेर येऊन फोनवर आकडा सांगितला. आमचा आणि त्यांचा आकडा एकच! मोजपट्टीवर एकच रेघ!

मी आनंदानं उडीच मारली. काय अचूक मोजलं पोट्ट्यांनी! हिरामण सर, आमचे चित्रकलेचे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग मी हिशेब करायला फळ्याकडं वळले आणि खडू हातातच राहिला.

फरकानं भागायचं असतं. फरक शून्य.

वर्ग माझ्याकडं पाहून राहिला. अमिता सावकाश उठली. "मॅडम, सावलीत फरकच नाही. मंग पृथ्वी सपाट निघाली न?"

आणि घंटा वाजली. मी काही बोलायच्या आत पोट्टे बाहेर. पाचव्या मिनिटाला पूर्ण शाळेत बातमी, रूपाली मॅडमनं सिद्ध केलं, पृथ्वी सपाट आहे. प्रेमलता मॅडम वऱ्हांड्यात भेटल्या आणि नुसत्या हसल्या. त्यापेक्षा रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

स्वप्निलला फोन करून बम भांडले. त्यानं दोनदा मोजलं म्हणतो. मग माझी काठी वाकडी का? फोन ठेवला. मग वाटलं जास्तच बोलले. मग वाटलं, नाही, बरोबरच बोलले.


सोमवार, १ डिसेंबर

सापडलं. हसू की रडू?

मोबाईलवर नकाशा उघडला आणि या वेळी किलोमीटर सोडून दिशा पाहिली. सौंसर वर नाहीच! ते बाजूला आहे, पूर्वेला. दोन्ही गावं जवळपास एकाच आडव्या रेषेवर. सावली सारखी येणारच, बिचारी काय करणार!

मग वर्गातल्या नकाशात सौंसर वर कसं? हिरामण सरांना गाठलं. नव्या जिल्ह्याचा छापील नकाशा शाळेत आलाच नव्हता, म्हणून त्यांनी जुन्या छिंदवाड्याच्या मोठ्या नकाशातून पांढुर्णा आणि सौंसर कात्रीनं कापून पुठ्ठ्यावर चिकटवले होते. हौसेनं, बिनपैशाचं.

"सर, पण हा उभा कावून चिकटवला?"

"दोन खिडक्याइच्या मधी आडवा मावे नाही न मॅडम. मंग उभा केला. नावं पुन्हा सरळ लिहिली, पोरायची मान दुखू नये म्हणून."

"आणि उत्तरेचा बाण?"

"तो कात्रीत गेला."

दोन वर्षं अख्खी शाळा तो नकाशा पाहून राहिली आहे. पोट्टे, मी, प्रेमलता मॅडम, तपासणीला आलेले साहेब. जन्मभर याच गावात राहिले, सौंसरला शंभरदा गेले, पण भिंतीवर टांगलेलं खरं मानलं. गाव का परकं आहे, दिशा कोण पाहते? हिरामण सरांचं तोंड एवढंसं झालं. मी म्हटलं, "जाऊ द्या सर, नकाशा सुंदर आहे." सुंदर आहेच.

पण आता पृथ्वी कशी मोजू? सरळ उत्तरेला ओळखीची शाळा नाही. शनिवार गेला माझा. आज पहिल्यांदा खरंच रडू आलं.


बुधवार, ३ डिसेंबर

अहाहा! अहाहा! अहाहा!

सकाळी अंधूक उजेड होता तेव्हा स्वप्निलला फोन लावला, शनिवारचं भांडण मिटवावं म्हणून. (शाळेच्या वेळात त्याला फोन चालत नाही.) मी आमच्या गच्चीवर, तो त्याच्या. नकाशाची गंमत सांगितली तर इतका हसला की मलाही हसू आलं. पण पुढं काय करायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

तो म्हणाला, "निघाला पाहा सूर्य. लाल लाल."

मी म्हटलं, "कुठं? इथं तर नाही."

"असा कसा नाही? माह्या समोर आहे."

"नाही म्हणते न मी! खोटं कायले बोलू?"

असं आमचं भांडण सुरूच होतं आणि ज्वारीच्या वावरामागून आमचा सूर्य निघाला. आणि आम्ही दोघं एकदम ओरडलो. एकदम! शब्द पण सारखेच होते: "वेळ मोजायचा!"

सौंसर पूर्वेला आहे, म्हणून सूर्य आधी तिकडं पोहोचतो आणि मग इकडं. सावलीत फरक नाही, वेळेत आहे! सौंसर ते पांढुर्णा एवढं अंतर यायला इतका वेळ लागला, तर पूर्ण चोवीस तासांत किती अंतर होते? तोच आपल्या गावांतून जाणारा पृथ्वीचा फेरा. साधं त्रैराशिक! सहावीचं!

तो म्हणाला, "रूपाली, तू लय भारी आहेस." मला 'तू' म्हणाला. गडबडीत माणूस म्हणून जातो.

आई खालून ओरडली, "काय झालं व?" मी म्हटलं, "सूर्य निघाला!" आई म्हणाली, "रोजच निघते."


मंगळवार, ९ डिसेंबर

सूर्योदयाचा भरवसा नाही, कुठं टेकडी आडवी येते, कुठं झाड. म्हणून भर दुपार मोजायची. काठीच्या डोक्यावर छिद्र पाडलेला पुठ्ठा बसवायचा, म्हणजे जमिनीवर सूर्याचा ठिपका पडतो. काठीभोवती चुन्यानं गोल आखायचे. सकाळी ठिपका आत येताना गोलाला शिवतो ती वेळ लिहायची, दुपारी बाहेर जाताना त्याच गोलाला शिवतो तीही. दोन्हींच्या बरोबर मधली वेळ म्हणजे त्या गावाचे खरे बारा. जितके गोल, तितकी उत्तरं, त्यांची सरासरी काढायची.

पण हे लपूनछपून होत नाही, पूर्ण दिवस मैदान लागते. स्वप्निलनं धीर करून मोरेश्वर सरांना विचारलं. उत्तर आलं, "जिल्हा त्यायचा, मैदान आमचं. नाही."

मी फोनवर रडकुंडीला आले. तो म्हणाला, "थांब जरा," आणि पुन्हा आत गेला. दहा मिनिटांनी फोन. आत जाऊन एवढंच म्हणाला, "सर, यातून हे सिद्ध होते की बारा आधी सौंसरले वाजतात, मंग पांढुर्ण्याले."

सर खुर्चीतून उठले म्हणे. "आधी आपल्याकडं?"

"हौ सर. रोज."

"कलेक्टर हापिसाच्याही आधी?"

"हौ."

परवानगी तर मिळालीच, वर मंडप आणि माईक! सर म्हणाले, वेळ मी स्वतः सांगणार.


शनिवार, २० डिसेंबर

सकाळचं आभाळ धुतल्यासारखं. नऊला काठी उभी, चुन्याचे गोल तयार. ठिपका पहिल्या गोलाला शिवला तेव्हा अमिता ओरडली, "शिवलाऽऽ!" आणि रस्त्यावरची बैलगाडी थांबली.

दुपारी तर वेडच लागलं. या दिवसांत आमच्या गावात भर दुपारी सावली बरोबर काठीएवढी पडते. मी एवढंच म्हटलं आणि संपलं! पोट्टे टेप घेऊन सुटले. झेंड्याचा खांब मोजला, टाकी मोजली, कडुलिंब मोजला. सावली मोजली की उंची मोजली, वर चढायचं कामच नाही! हिरामण सर मोजले. वैभव नावाचं सातवीतलं पोट्टं प्रेमलता मॅडमच्या सावलीवर टेप टाकून बसलं आणि मॅडम, मी शप्पथ सांगते, हललं तर माप चुकेल म्हणून श्वास रोखून उभ्या राहिल्या. मी आनंदानं आत्ता नाचते की मग नाचते असं झालं होतं.

दुपारनंतर पांढरे ढग आले. बाहेरचे दोन गोल गेले. बाकीचे मिळाले. माझ्या मोबाईलच्या घड्याळात सव्वाबाराच्या जरा आधी आमचे खरे बारा, पाहिजे तसेच. स्वप्निलनं फाटकाबाहेर येऊन सौंसरचा आकडा पाठवला. मॅडमसमोर, सगळ्या शाळेसमोर, मी फळ्यावर त्रैराशिक मांडलं.

फरक पाच मिनिटांचा निघाला. जेमतेम एकाचा पाहिजे होता.

पृथ्वीचा फेरा आठ हजार किलोमीटर. आपली पृथ्वी चंद्रापेक्षा लहान.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं. अमिता हळूच म्हणाली, "मॅडम, पुन्हा करून पाहा न." पुन्हा केलं. तेच. प्रेमलता मॅडमनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मेहनत केली बाई तू. पण बोलल्याप्रमाणं, जानेवारीपासून दहावीचे प्रश्नोत्तरं." पोरांनी आपापले टेप गुंडाळले. माझ्यापेक्षा त्यांचीच तोंडं पाहवेनात.

घरी येऊन स्वप्निलवर सगळं काढलं. म्हटलं, "कोणत्या घड्याळावर मोजलं?" तो आधी ढगांवरच बोलत राहिला. मग सांगितलं. शाळेत मोबाईल बंद, नियम मोरेश्वर सरांचाच. म्हणून माईकवर बसून सरांनी स्वतःच्या मनगटी घड्याळावर वेळ सांगितली. त्याच घड्याळावर तिथली घंटा वाजते, पंचवीस वर्षांपासून. त्याला बोलायची कोणाची छाती?

"घड्याळ मागं आहे," मी म्हटलं. "चार मिनिटं मागं. जाऊन सांग."

"रूपाली, ते मोठे सर आहेत. नोकरी आहे माही."

"मग राहू दे," म्हटलं आणि फोन ठेवला. त्याचं काही चुकलं नव्हतं. एका हिशेबापायी कोण आपल्या मुख्याध्यापकाला तोंडावर सांगते, तुमचं घड्याळ चुकीचं आहे? मी असती तर मीही सांगितलं नसतं. शनिवार गेला.


सोमवार, २२ डिसेंबर

पहिल्या तासाला मी आठवीवर होते. शिपाई आला, ऑफिसात बोलावलं. गेले तर खुर्चीत पांढरा सदरा, टोपी, काठीसारखा ताठ म्हातारा बसलेला. त्यांच्यामागं भिंतीला टेकून स्वप्निल, तोंड उतरलेलं.

मोरेश्वर सर. पांढुर्ण्यात!

सरांनी मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि प्रेमलता मॅडमच्या मेजावर ठेवलं. "हे आमच्या शिक्षण खात्याच्या सायबाच्या हातून मिळालं होतं, चांगल्या कामाचं बक्षीस. यानं मी पंचवीस वर्षं पोरायले उशिरा आल्याबद्दल उभं केलं. काल या माणसानं घरी येऊन मले सांगतलं, सर, घड्याळ मागं आहे." स्वप्निलकडं बोट. "आधी बाहेर काढला याले. मंग रेडिओ लावला, ताडून पाहिलं. चार मिनिटं मागं आहे. पृथ्वी पोरायची बरोबर आहे मॅडम, चूक माही आहे. हे सांगायलेच आलो. हिशेब पुन्हा करा."

घड्याळ मेजावर पालथं केलं त्यांनी. एवढ्या ताठ माणसानं. मी वाकून पायाच पडले.

हिशेब मी केला नाही. मैदानात सगळ्यांसमोर अमितानं केला. चार मिनिटं दुरुस्त केली. फरक राहिला एक मिनिट आणि वर नऊ सेकंद. फेरा छत्तीस हजार किलोमीटरच्या वर! पुस्तकाप्रमाणं आपल्या गावांतून जाणारा फेरा सदतीस हजारांचा. काठी, चुना आणि पुठ्ठा! अमिता ओरडली नाही. पहिल्यांदाच. नुसती फळ्याकडं पाहत राहिली, आणि मग बाकी सगळे ओरडले.

मॅडम मोरेश्वर सरांना म्हणाल्या, "म्हणजे सर, तुमची आघाडी पाच मिनिटांवरून एकावर आली."

सर म्हणाले, "एक का होईना, पण आधी आमच्याकडंच न?"

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. मग माझ्याकडं न पाहता, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "शनिवार रूपाली मॅडमचा. दहावीचे पोरंही इथंच बसतील. घोकून काही पृथ्वी मोजता येत नाही." माझा शनिवार! माझा, माझा, माझा!

एवढ्यावर संपायला पाहिजे होतं, पण मोरेश्वर सर म्हणाले, "पोरी, तुह्या घरी चहा नाही पाजत काय?" आता मोठा माणूस, नाही कसं म्हणू. शाळा सुटल्यावर दोघांनाही घेऊन आले. बाबानं "जय भीम" केलं, सरांनी "जय भीम" केलं, आणि एका घड्याळासाठी आलेला माणूस पाव्हण्यासारखा दोन तास बसला. घर स्वतःचं काय, मूळ गाव कोणतं, लोधीखेड्याला तुमचे कोण. आई आतून नवीन कपबश्या काढून राहिली होती. मला तर अजून छत्तीस हजारच दिसत होते, मी मधे मधे हिशेबच सांगत होते.

शेवटी सरांनी मलाच विचारलं, "बरं पोरी, सगळं झालं. तुह्यं काय म्हणणं आहे?"

मी मनापासून सांगितलं, "सर, थोडा फरक राहणारच. पण दोन्हीकडून नीट लक्ष दिलं तर बरोबर जमते. मी तर आयुष्यभर करायले तयार आहे."

बाबा खाकरला. आईनं पदरानं डोळे पुसले. पृथ्वीचं इतकं कौतुक तिला आहे हे मला माहीतच नव्हतं. मोरेश्वर सर म्हणाले, "झालं तर मंग," आणि साखर मागितली. स्वप्निल तेवढा कानापर्यंत लाल झाला होता. शनिवारी दिवसभर उन्हात टोपी घातली नव्हती त्यानं, लागलंच असेल ऊन.